हर्षलची सहाण

देवपूर, धुळे
८ नोव्हेंबर १९८७

चि. सौ. लता,

आशीर्वाद आधी, रागावणे मागाहून.

बाळंतपण माहेरी, नरडाण्याला आटोपून तू सासरी पाळधीला सुखरूप पोहोचलीस आणि हर्षलला प्रवास बाधला नाही, हे वाचून बरे वाटले. पुढचे पत्र वाचून तितके बरे वाटले नाही. "फुई, गुटी रोज देते" या वाक्याला काही अर्थ नाही. कोणते औषध, किती वेढे, कशात उगाळून, दुधाआधी की नंतर, हे लिहावे लागते. तू माझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहेस आणि पदवीधर आहेस. तुझ्याकडून मी शेजारणीसारख्या पत्राची अपेक्षा करीत नाही. कॉलेजात मी कौमारभृत्य, म्हणजे बालकांचे वैद्यक, शिकवीत असे, तेव्हा विद्यार्थ्याच्या वहीत 'अंदाजाने' हा शब्द दिसला की वही परत जात असे.

तुला दिलेल्या पुडीतले प्रत्येक काष्ठ मी स्वतः निवडले आहे. वेखंड किडके नाही, सुंठ पोकळ नाही, मुरडशेंग गेल्या हंगामातली नाही. जायफळ मात्र नावापुरते, आणि तेही रोज नाही. तुला कोणीतरी सांगेलच की जायफळ जास्त उगाळले की मूल दुपारभर निजते आणि बाईला शेतात जाता येते. मूल निजवणे आणि मूल वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत. हर्षलला ताप असेल, उलटी-जुलाब असतील, तर गुटी बंद ठेवून डॉक्टरकडे जायचे. गुटी हा रोगावरचा उपाय नव्हे.

आता सहाणेविषयी. तू लिहितेस की सासूबाईंची सहाण मधोमध वाटीसारखी खोल झाली आहे. अशा खळग्यात औषध उगाळले जात नाही, नुसते भिजते, आणि वेढा किती पडला हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. सहाण सपाट आणि खरबरीत हवी. पालथी बाजू सपाट असेल तर दगड उलटा कर आणि तीच वापर. यात घरातल्या कोणाचे मन राखण्याचा प्रश्न येत नाही.

तुझी
प्रमिलाफुई

*

पाळधी
१९ नोव्हेंबर १९८७

ती. प्रमिलाफुईंना,

तुम्ही वाचताना हातात लाल पेन्सिल घेणार हे ठाऊक आहे, म्हणून शुद्ध लिहायचा प्रयत्न करते.

वेढे मोजते. अंगावरच्या दुधात उगाळते. सकाळी आंघोळीनंतर, पोट रिकामे असताना देते. जायफळाचा मोह शेजारच्या काकूंनी घातलाच; मी त्यांना तुमचे नाव सांगितले आणि त्यांनी जायफळ परत पदराला बांधले. त्या तुमच्याकडे कधीतरी तपासून घ्यायला आल्या होत्या म्हणे.

सहाणेचेही तुम्ही सांगितलेत तसे केले. मी नुसते खळग्याचे बोलले, तरी सासूबाई घुश्श्यात आल्या. म्हणाल्या, "तुनी फुई आते दगडले बी शिकाडस का? मनी सासूनी, तिनी सासूनी, बठ्ठासनी ह्याच सहाणवर गुटी घशी." हे हसले आणि सायकल काढून बँकेत निघून गेले. आईचा आणि बायकोचा विषय निघाला की बँक वेळेआधी उघडते. शेवटी मी माझ्यापुरता मार्ग काढला. बोलाचालीशिवाय काम झाले आणि सहाण आता अशी लखलखीत आहे की तुम्ही पाहिलीत तर पाठ थोपटाल.

हर्षल हसायला लागला आहे. सासूबाईंना पाहून जास्त हसतो. मला पाहून काम असल्यासारखा बघतो.

तुमची
लता

*

जळगाव
२ मार्च १९८८

प्रमिलाबाई,

शिंदखेड्याच्या शाळेत आपण एका वर्गात होतो आणि दर परीक्षेला पहिल्या नंबरासाठी भांडत होतो. पुढे तुम्ही आयुर्वेदाकडे वळलात, मी मुलांचा डॉक्टर झालो, आणि भांडण तेवढे अबाधित राहिले. आज ते बाजूला ठेवून एका मुलाविषयी लिहितो आहे.

पाळधीची लता तिच्या हर्षलला घेऊन आली होती. ती तुमची भाची, हे मला तिच्या तोंडच्या पाचव्या वाक्यातच कळले. "फुई म्हणते" हे शब्द पहिल्या चारांत येऊन गेले होते. मूल सहा महिन्यांचे होत आले आहे आणि मला त्याची लक्षणे अजिबात बरी वाटत नाहीत. पांढरेफटक पडले आहे. पाय पोटाशी घेऊन रडते, शौचाला खडा होतो, मधूनच ओकते. रक्त फार उतरले आहे. ताप नाही, जंत नाहीत, आईचे दूध भरपूर आहे. बाहेरचे पोटात काय जाते म्हणून विचारले, तर उत्तर एकच: फुईची गुटी.

ती मी आजपासून बंद केली आहे. तुमच्या पुडीत काय आहे आणि कशाची भेसळ आहे हे मला ठाऊक नाही, पण दुसरा कोणताही संशयित माझ्यासमोर नाही. मुलाचे वजन दोन महिन्यांत जागचे हललेले नाही. असेच चालले तर मी त्याच्याविषयी आश्वासन देऊ शकत नाही. हे मी त्याच्या आईला सांगितले नाही. तुम्हाला सांगतो.

आणखी एक. जुलै महिन्यात धुळ्याला अंगणवाडीच्या बायकांचे आणि सुइणींचे शिबिर आहे. तान्ह्या मुलांच्या घरगुती औषधांवर मी बोलायचे आहे. गुटीविषयी दोन मवाळ वाक्ये मी योजली होती. आता "सहाण उकिरड्यावर टाका" एवढे एकच वाक्य बोलेन. पाठीमागे बोलण्याची आपल्या वर्गाची रीत नव्हती, म्हणून आधी कळवतो.

आपला
सुरेशचंद

*

देवपूर, धुळे
६ मार्च १९८८

डॉक्टर सुरेशचंद यांस,

आपले पत्र वाचले. अक्षर सुधारलेले नाही; तर्कही नाही.

भेसळीचे प्रथम. हर्षलची काष्ठौषधी मी शिंदखेड्याच्या ज्या दुकानातून घेतली, ते दुकान आपले कैलासवासी वडील मदनलालजी यांचे आहे, आणि गादीवर सध्या आपले बंधू बन्सीलाल बसतात. भेसळीचा आरोप करायचाच असेल तर तो घरच्या घरी, दिवाळीच्या फराळाला करावा. धुळ्यापर्यंत टपालखर्च कशासाठी?

आता मुलाचे. आपण लिहिता की त्याला मलावरोध आहे. त्याच्या गुटीत बाळहिरडा आहे. हिरडा घेणाऱ्या मुलाचे पोट एक वेळ सैल होईल. खडा होणार नाही. वेखंडाने ओकारी येईल, पण रंग उडणार नाही. माझ्या पुडीतले कोणतेही काष्ठ, किंवा सगळी मिळून, आपण वर्णिलेले चित्र काढू शकत नाहीत. आपल्याला ते ठाऊक नाही हा दोष मी आपल्या अभ्यासक्रमाला देते.

मात्र पत्र तिसऱ्यांदा वाचताना मी खुर्चीतून उठले. पोटात शूल, मळ अडणे, अंगावर पांडुरता: हे तिन्ही एकत्र मी बालरोगांच्या प्रकरणात नव्हे, रसशास्त्रात, धातूंच्या भस्मांच्या विषयात, शिकले आहे. नाग, म्हणजे शिसे, नीट शुद्ध न करता पोटात गेले तर हे होते. सहा महिन्यांच्या मुलाच्या पोटात शिसे कसे जाईल? माझे उत्तर तयार आहे. गुटी ज्या बोंडल्याने पाजतात त्याची कल्हई पाहा. फिरते कल्हईवाले कथलात शिसे मिसळतात, हे सगळ्या खानदेशाला माहीत आहे.

मुलाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहा. शिशाची खूण आपल्या शास्त्रातही असणारच. सोबत त्याच मालातली दुसरी पुडी पाठवते आहे, जी माझ्या कपाटाबाहेर गेलेली नाही. लताकडून तिची वापरातली पुडी मागवा आणि दोन्ही प्रयोगशाळेत द्या. माझे काष्ठ दोषी निघाले तर शिबिरात उभी राहून मी स्वतः सांगेन. निघाले नाही, तर आपण सांगायचे.

आणि सुरेशभाऊ, मुलाचे वजन दर आठवड्याला कळवत जा. हे मी वैद्य म्हणून लिहीत नाही.

प्रमिला

*

जळगाव
११ एप्रिल १९८८

प्रमिलाबाई,

रक्ताची काच मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग पुन्हा पाहिली, कारण तुम्ही बरोबर निघावे अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. तांबड्या पेशींत निळे ठिपके आहेत. नमुना मुंबईला पाठवला होता. कालच उत्तर आले. शिसेच आहे. डोळ्यांसमोर असलेले निदान धुळ्याहून पोस्टाने आले, हे माझ्या पचनी पडायला काही दिवस लागतील. तुमच्या गुटीत त्यावर काही असेल तर कळवा.

पण हुरळून जाऊ नका. तुमची कल्हई बाद. हर्षलचे बोंडले चांदीचे आहे, नरडाण्याच्या आजोळाहून आलेले. त्यात कथीलही नाही आणि शिसेही नाही. घरातली भांडी स्टीलची. भिंतींना चुना. विहिरीच्या पाण्यात काही सापडले नाही.

आता पुड्यांविषयी. तुमच्या कपाटातली पुडी स्वच्छ आहे. बन्सीलालला हे सांगितले तेव्हा त्याने मला आठवडाभर न बोलण्याची शिक्षा फर्मावली. लताच्या घरची पुडी मात्र दूषित निघाली. इथवर वाचून मी जिंकलो असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. पण प्रयोगशाळेतला मुलगा चिकित्सक आहे. त्याने हळकुंडाची दोन टोके वेगळी तपासली. ज्या टोकाने उगाळतात तिथे शिसे आहे. दुसरे टोक निर्मळ. वेखंडाचे तसेच, सुंठेचे तसेच.

म्हणजे औषध निर्दोष, आणि तरीही विष गुटीतूनच गेले. गुटी थांबवल्यापासून मुलाचे रडणे कमी झाले आहे, वजनाचा काटा थोडा हलला आहे. मुंबईचे प्राध्यापक म्हणतात की आकडा औषधे देण्याइतका नाही; शिशाची वाट सापडली आणि बुजवली तर मूल आपण होऊन सावरेल. पण वाट सापडली नाही तर ते उद्या रांगायला लागेल आणि घरात जे काही आहे ते सगळे तोंडात घालेल. मला ती वाट दिसत नाही. तुम्ही पाहा.

सुरेशचंद

*

देवपूर, धुळे
१४ एप्रिल १९८८

चि. लता,

एकच प्रश्न. नोव्हेंबरात मी सहाण उलटी करायला सांगितली. उलटी करण्यापूर्वी त्या पालथ्या बाजूवर काय होते?

सासूबाईंना न घाबरता लिही, आणि मलाही. उत्तर उलट टपाली हवे.

प्रमिलाफुई

*

पाळधी
१७ एप्रिल १९८८

ती. फुई,

शेंदूर होता.

तुमचे कार्ड आत्ताच मिळाले. सगळे लिहिते.

ही सहाण घरात सटवाईची मानतात. मूल झाले की पाचव्या दिवशी पुजतात, आणि पुढे मूल वर्षाचे होईपर्यंत दर महिन्याच्या षष्ठीला सासूबाई तिच्या पालथ्या अंगाला तेलात कालवून शेंदूर लावतात. गुटी वरच्या बाजूला, देवी खालच्या बाजूला, अशी पिढ्यांची वाटणी. तुम्ही उलटी करा म्हणालात. तसे सासूबाईंना उघड सांगितले असते तर घरात महाभारत झाले असते. म्हणून मी काय केले, तर चिंच आणि राख घेऊन तो शेंदूर घासघासून काढला आणि त्याच बाजूवर गुटी उगाळू लागले. लालीचा ठिपका म्हणून ठेवला नाही. पुढच्या षष्ठीला त्यांनी पुन्हा लावला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही. दोघींनी आपापले काम चोख केले. मला वाटले, बिनबोभाट संसार यालाच म्हणतात.

दगड खरबरीत आहे, फुई. तुम्हाला तसाच हवा होता. त्याने आत किती पिऊन घेतला असेल ते मला आज समजते.

हर्षल पुढ्यात बसून माझ्या बांगड्या ओढतो आहे. त्याला काही होणार नाही ना? मला तुम्ही वाटेल ते बोला, पण एवढे आधी सांगा.

लता

*

देवपूर, धुळे
२६ एप्रिल १९८८

सुरेशभाऊ,

वाट सापडली. सोबत लताचे पत्र जोडते. ते वाचून मग पुढे वाचा.

शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. चिंचेने लाली जाते, शिसे जात नाही. उलट आंबटात विरघळून दगडाच्या अंगात खोल उतरते. सहाण उलटण्याची आज्ञा माझी होती, दगड न पाहता दिलेली. लताने ती माझ्या इतर आज्ञांइतकीच काटेकोर पाळली, म्हणून मूल आजारी पडले. तिने कमी काटेकोर असायला हवे होते, असे मी तिला सांगणार नाही. आज्ञा देणारीने पुरते विचारायला हवे होते, एवढे मी तिला सांगितले आहे, तेही तिच्या सासूसमोर.

पत्राने हे काम होण्यासारखे नव्हते, म्हणून मी पाळधीला गेले. झुंबरबाईंना, म्हणजे लताच्या सासूला, आपण ओळखता का ठाऊक नाही. उंच बाई, आवाज शेताच्या दुसऱ्या बांधावर पोहोचेल असा. मी सगळे समजावून सांगितले. त्या ऐकत होत्या आणि हर्षलच्या पायावरून हात फिरवीत होत्या. मग म्हणाल्या, "देवीनं अंग खालतेच ऱ्हास, बाई. तुमनी पोरनी ते वर करं."

मी म्हटले, "माझ्या सांगण्यावरून केले."

"मंग माले इचारतीस. मी काय वाघीण शे?"

लता आत स्वयंपाकघरात होती. तिथून भांडे पडल्याचा आवाज आला.

झुंबरबाई म्हणाल्या, "व्हई, जराशी शे," आणि मग हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "दर षष्ठीले मी पाहू, शेंदूर गायब. माले वाटे, देवी अंगी लाई लेस. मी आनखी जास्त लावू."

सुरेशभाऊ, मी त्या बाईंना अंधश्रद्ध म्हणायच्या तयारीने गेले होते. वाक्यही तयार होते. ते मी गिळले. त्यांच्या घरच्या रीतीत निदान एक शिस्त होती, आणि माझ्या शास्त्रातही एक शिस्त होती. दोन्ही एका दगडावर आल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. तरीही मी त्यांना सवलत दिली नाही. शेंदराची बाजू खाली असली तरी त्याच हाताने दगड धरला जातो, त्याच हाताने मूल उचलले जाते. ही रीत आधीही निर्धोक नव्हती, हे मी स्पष्ट सांगितले.

त्यांनी विचारले, "पोऱ्या बरा व्हई ना?"

मी आयुष्यात रोग्याच्या नातेवाइकाला नुसते 'हो' असे उत्तर दिलेले नाही. तेव्हा दिले. आता ते खरे करणे आपल्या हातात आहे.

सहाण देव्हाऱ्याच्या उंच कोनाड्यात गेली, कायमची, देवीची देवीला. कोनाडा हर्षलच्या हाताला चार वर्षे लागणार नाही. शेंदराची डबी आणि तेलाची वाटी तिथेच राहील. ओसरी, पाट, पाळणा सगळे धुऊन काढले, आणि धुतल्याचे मी जातीने पाहिले. नवी सहाण मी आणली आहे, पण तिच्यावर अजून काही उगाळलेले नाही. गुटी पुन्हा सुरू करायची का, केव्हा, हे आपण दोघांनी मिळून ठरवू. तोवर आपले लोहाचे थेंब आणि माझे मुगाचे कढण, दोन्ही चालू द्या. यात मी कमीपणा मानत नाही; आपणही मानू नये.

प्रमिला

*

जळगाव
२० जून १९८८

प्रमिलाबाई,

गेले दोन महिने फक्त आकडे कळवत होतो. आज पत्र लिहितो. मुंबईचा दुसरा अहवाल आला. शिसे निम्म्याहून खाली उतरले आहे. रक्त वाढले, वजन वाढले, खालचे दोन दात आले. काल तपासताना त्याने माझा स्टेथोस्कोप ओढला आणि सोडेना; लता म्हणाली, "फुईवर गेला आहे." मी दुजोरा दिला.

झुंबरबाईही आल्या होत्या. मी तान्ह्या मुलाच्या आहारावर बोलत होतो. त्या मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमना बापना दुकानमा मी लगीननी हळद लिधी व्हती. चांगला माणूस व्हता. कमी बोले." मी भाषण आवरते घेतले.

आता आपले भांडण. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, हे माझे मत कायम आहे आणि राहील. गुटी मी लिहून देणार नाही. पण "सहाण उकिरड्यावर टाका" हे वाक्यही मी बोलणार नाही, कारण ते आळशी वाक्य होते. त्याने लोकांनी सहाण टाकली नसती, फक्त माझ्यापासून लपवली असती, आणि शेंदूर तसाच राहिला असता.

शिबिरातला माझा तास तुम्ही घ्या. मी पहिल्या रांगेत बसेन. अटी तुमच्या ठरल्या होत्या: तुमचे काष्ठ निर्दोष निघाले तर मी उभा राहून सांगायचे. ते सांगेन आणि बसेन.

आपला वर्गबंधू
सुरेशचंद

*

देवपूर, धुळे
१७ जुलै १९८८

चि. लता,

शिबिर महिन्याच्या सुरुवातीलाच झाले. तू विचारण्याआधी सांगते: उत्तम झाले.

सुरेशभाऊ प्रथम उभे राहिले. "प्रमिलाबाईंचे औषध निर्दोष होते आणि निदान त्यांचे होते," असे म्हणाले. इतक्या स्वच्छ, विशेषणरहित मराठीत त्यांना बोलताना मी शाळेपासून प्रथमच ऐकले. मग खरोखरच पहिल्या रांगेत बसले आणि वही उघडली.

मी टेबलावर एक सहाण ठेवली. गुटी, वेढे, ताप असताना काय टाळायचे, सगळे सांगितले. मग सहाण उलटी केली आणि विचारले, "तुमच्या गावात या बाजूला शेंदूर लागतो का?"

सरकारी शिबिरात देवाधर्माचे खरे कोण बोलणार? तेवढ्यात मागून एक म्हातारी सुईण उठली, शिंदखेड्याकडची. म्हणाली, "मॅडम, शेंदूर नही लावा ते सटवाई रुसस."

मी म्हटले, "लावा. पण तिच्या अंगावर औषध घासू नका. तुमच्या अंगावर कोणी हळकुंड घासलेले तुम्हाला चालेल का?"

"लगीनमा ते घसतसच ना, मॅडम."

सगळ्या बायका इतक्या हसल्या की सुरेशभाऊंनी वही तोंडासमोर धरली. लता, तुझी फुईही त्यांच्याबरोबर हसली. त्या हसण्याने दार उघडले. मी म्हटले, बरे, देवीला हळद लावा, शेंदूर लावा, फक्त तिला वेगळा दगड द्या आणि उंच बसवा. बाळाच्या दगडाला दोन्ही बाजूंनी पाणी आणि ऊन याखेरीज काही लागता कामा नये. आता खरे सांगा, किती घरांत एकच दगड आहे? हात वर जाऊ लागले. पहिले दबकत, मग भराभर. निम्म्याहून अधिक सभागृह हात वर करून बसले होते, आणि त्या प्रत्येक हाताच्या मागे एक पाळणा होता.

सुरेशभाऊ तिथेच उठून म्हणाले की फिकट पडलेले, पोट धरून रडणारे मूल दिसले तर त्यांच्याकडे पाठवा, रक्त ते तपासतील. पहिल्याच आठवड्यात आलेल्यांपैकी तिघांच्या पेशींत निळे ठिपके निघाले. एक मूल हर्षलहून लहान आहे आणि त्याच्याहून वाईट स्थितीत. ते मुंबईला गेले, वेळेवर गेले. काल सुरेशभाऊंचा फोन होता. तेही आता दूध पिते आहे.

तू ज्या दिवशी ते पत्र लिहिलेस त्या दिवशी तू मला भिऊन गप्प राहिली असतीस, तर यांतले काहीही घडले नसते. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ते मी जपून ठेवले आहे, शुद्धलेखनासाठी नव्हे.

हर्षलच्या वाढदिवसाला मी येते आहे. केक नको. शिरा कर, आणि वेलदोडा बेताने घाल.

प्रमिलाफुई

*

पाळधी
४ ऑक्टोबर १९८८

ती. फुई,

तुम्ही वाढदिवसानंतर गेल्यापासून घर सुने वाटते. हे म्हणतात, घरात आता परीक्षा नाही.

तुम्ही पाहिलेत तेव्हा हर्षल धरून उभा राहत होता. परवा त्याने ओट्याची कड सोडली आणि तीन पावले टाकत माझ्याकडे आला. मी हात पसरले, तर वाट बदलून सासूबाईंकडे गेला. जन्मापासून पक्षपाती आहे. डॉक्टरसाहेबांनी शेवटचा अहवाल पाहून सांगितले की आता रक्त काढायला आणू नका, फक्त भेटायला आणा. नव्या सहाणेवर गेल्या आठवड्यापासून तुम्ही दोघांनी ठरवून दिलेले तेवढेच उगाळते: थोडी खारीक, थोडा बदाम. दोघांच्या सहीचा कागद भिंतीवर लावला आहे. या घरात एवढ्या मोठ्या दोन सह्या एका कागदावर कधी आल्या नव्हत्या.

आज सकाळचे सांगायचे आहे, म्हणून पत्र लिहायला बसले.

पलीकडच्या घरची सून बाळंत होऊन आली आहे. मूल महिन्याचे. ती इथे आली तेव्हा सासूबाई कोनाड्यातल्या देवीला शेंदूर लावत होत्या. लावून झाल्यावर त्या मोरीवर गेल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखांखालून काडी फिरवली, आणि मग हर्षलला कडेवर घेतले. ती सून बघत राहिली. तिच्या बोटांना तिच्या घरच्या पूजेचा शेंदूर तसाच होता आणि तिचे मूल तिच्या मांडीवर होते. तिने लाडाने त्याच्या ओठांना बोट लावले.

सासूबाईंचा आवाज तुम्ही ऐकलाच आहे. शेताच्या दुसऱ्या बांधावरची माणसे वळली असतील.

"हात धुई ये पयले," त्या म्हणाल्या. "शेंदूर देवीना शे, पोऱ्याना नही."

ती घाबरून मोरीकडे पळाली. सासूबाईंनी तिचे मूल दुसऱ्या कडेवर घेतले आणि पाणी पुरेसे वाहते आहे की नाही, हे बघायला तिच्या मागे गेल्या.

तुमची
लता